अग्निबाणांचा अनाम शिल्पकार

इ. स. १९५७ च्या ऑक्टोबर महिन्यातील चौथ्या तारखेची रात्र. मध्य आशियातील एका ओसाड माळरानावरून एक प्रचंड अग्निबाण गर्जना करीत आकाशात झेपावला. त्याच्या माथ्यावर धातूचा एक चकचकीत गोळा बसविलेला होता. थोड्याच वेळात तो गोळा पृथ्वीभोवती फिरू लागला आणि त्यातून निघणारा एक बारीक, तुटक स्वर देशोदेशींच्या रेडिओ-यंत्रांवर ऐकू येऊ लागला. मानवाने घडविलेला हा पहिला उपग्रह. त्याचे नाव ‘स्पुटनिक’. गोळ्याचे वजन किती, व्यास किती, एका प्रदक्षिणेस किती वेळ लागतो, हे सर्व जगातील वृत्तपत्रांतून छापून आले. एकच गोष्ट मात्र कोठेही छापली गेली नाही. तो अग्निबाण कोणी बांधला, हे कोणासच ठाऊक नव्हते.

ज्यांना ठाऊक होते त्यांना ते उच्चारण्याची मुभा नव्हती. सोव्हिएत सरकारने त्या पुरुषाचे नाव गुप्त ठेवले होते. वृत्तपत्रांतून त्याचा उल्लेख येई तो केवळ ‘मुख्य रचनाकार’ असा. त्याचे नाव होते सर्गेई पाव्लोविच कोरोलेव्ह.

सर्गेईचा जन्म १२ जानेवारी १९०७ रोजी झिटोमिर या गावी झाला. हे गाव आज युक्रेन देशात आहे. त्या वेळी तो सारा प्रदेश रशियन साम्राज्यात मोडत असे. पुढे रशिया, युक्रेन, कझाकस्तान इत्यादी प्रदेश मिळून सोव्हिएत संघ हे एक विशाल राष्ट्र बनले आणि १९९१ साली ते विसर्जित झाले. सर्गेईचे वडील शाळेत भाषा व साहित्य शिकवीत असत. परंतु मुलगा तीन वर्षांचा असतानाच आईवडील विभक्त झाले. वडील वारले असे मुलाला सांगण्यात आले. वास्तविक ते १९२९ पर्यंत हयात होते; परंतु पितापुत्रांची भेट पुन्हा कधीच झाली नाही.

नेझिन या गावी आजोळी सर्गेई वाढला. आई शिक्षणासाठी दूर असे आणि घरी बरोबरीचे मूल एकही नव्हते. चार वर्षांचा असताना त्याने गावच्या मैदानावर एक विमान उडताना पाहिले. त्या काळची विमाने म्हणजे लाकडी काटक्या आणि कापड यांचा सांगाडाच. तरी तो सांगाडा माणसाला घेऊन जमिनीवरून उचलला गेला, हे त्या एकाकी मुलाने डोळे भरून पाहिले. पुढे आईने पुनर्विवाह केला. सावत्र वडील विद्युत्-अभियंता होते आणि मनाने प्रेमळ होते. त्यांच्या नोकरीच्या निमित्ताने कुटुंब काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा या बंदरात येऊन राहिले.

ते दिवस क्रांतीचे, यादवी युद्धाचे आणि उपासमारीचे होते. शाळा बंद पडत, पुन्हा उघडत. सर्गेईने ज्या शाळेतून शिक्षण पुरे केले ती बांधकामाचा धंदा शिकविणारी शाळा होती. पुढे ज्याने चंद्रावर याने धाडली, त्याने मिळविलेले पहिले प्रमाणपत्र घराच्या छपरावर कौले बसविण्याचे होते! पण त्याचे लक्ष छपराहून वर होते. बंदरात पाण्यावर उतरणारी विमाने येत. त्यांच्या भोवती तो घोटाळत राही. वयाच्या सतराव्या वर्षी त्याने इंजिनावाचून वाऱ्यावर तरंगणाऱ्या विमानाचा, म्हणजे ग्लायडरचा, संपूर्ण आराखडा काढला.

कीव्ह येथे दोन वर्षे आणि त्यानंतर मॉस्को येथे असे त्याचे उच्च शिक्षण झाले. सुप्रसिद्ध विमानशास्त्रज्ञ तुपोलेव्ह यांच्या देखरेखीखाली त्याने एका लहान विमानाची रचना करून पदवी संपादन केली. येथपर्यंतची ही कहाणी एखाद्या हुशार विमान-अभियंत्याचीच वाटते. मग अग्निबाणाचे वेड कोठून लागले?

रशियात त्सिओल्कोव्हस्की नावाचे एक बहिरे शाळामास्तर होऊन गेले. विमान उडते ते हवेच्या आधाराने. जेथे हवाच नाही तेथे अग्निबाणाखेरीज गती नाही, हे त्यांनी १९०३ सालीच गणिताने सिद्ध केले होते. यामागील तत्त्व तुम्हांस अपरिचित नाही. होडीतून काठावर उडी मारली की होडी मागे सरते. दिवाळीतील बाण पेटला की तप्त वायू खाली फेकला जातो आणि बाण वर जातो. होडीला मागे सरण्यास काठाची गरज नसते आणि बाणाला वर जाण्यास हवेची गरज नसते. त्सिओल्कोव्हस्कींच्या विचारांनी तरुण कोरोलेव्ह भारावून गेले. १९३१ साली मॉस्कोमध्ये अशाच ध्येयवेड्या तरुणांचे एक मंडळ स्थापन झाले. एका इमारतीच्या तळघरात त्यांचे काम चाले. पगाराची बात नसे. त्यामुळे मंडळाच्या नावातील आद्याक्षरांचा अर्थ फुकट काम करणाऱ्या अभियंत्यांचा गट असा आहे, अशी थट्टा ते स्वतःच करीत. १७ ऑगस्ट १९३३ रोजी मॉस्कोजवळच्या एका रानात त्यांचा पहिला अग्निबाण उडाला. तो १८ सेकंद उडाला आणि सुमारे ४०० मीटर उंच गेला. आपल्याकडील एखाद्या टेकडीइतकीही ती उंची नव्हे. परंतु तळघरातील त्या मंडळींचा आनंद गगनात मावेनासा झाला असल्यास नवल नाही.

सरकारने लवकरच अग्निबाणांच्या संशोधनासाठी एक संस्था उभारली आणि कोरोलेव्ह तेथे काम करू लागले. त्यांचा विवाह झाला, १९३५ साली एक कन्यारत्न जन्मास आले. सारे सुरळीत चालले आहे असे वाटत असतानाच त्यांच्यावर जे संकट कोसळले ते त्या काळी सोव्हिएत संघातील लक्षावधी निरपराध माणसांवर कोसळले होते.

स्टालिन याच्या राजवटीत कोणावर केव्हा देशद्रोहाचा आळ येईल याचा नेम नव्हता. संस्थेच्या दोन प्रमुखांना १९३८ च्या जानेवारीत गोळ्या घालण्यात आल्या. त्याच वर्षी २७ जून रोजी रात्री कोरोलेव्ह यांच्या घराचे दार ठोठावले गेले. त्यांनी मुद्दाम कामात बिघाड घडवून राष्ट्राची हानी केली, असा त्यांच्यावर खोटा आरोप होता. मारहाण करून त्यांच्याकडून कबुली लिहून घेण्यात आली आणि त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते आणि मुलगी तीन वर्षांची.

सैबेरियाच्या अतिपूर्वेस कोलीमा नावाचा प्रदेश आहे. तेथील थंडीची कल्पना आपल्या उष्ण देशात करता येणे कठीण. त्या प्रदेशातील एका सोन्याच्या खाणीत कोरोलेव्ह यांना खणण्यास लावले. अपुरे अन्न, अंगावर चिंध्या आणि बारा-बारा तासांचे कष्ट. हिरव्या भाज्या व फळे न मिळाल्याने होणाऱ्या स्कर्व्ही या रोगाने त्यांना ग्रासले आणि त्यांचे अनेक दात पडले. तेथे आणखी काही महिने राहावे लागते तर ते जिवंत परतते ना. परंतु मॉस्कोमध्ये त्यांची आई स्वस्थ बसली नव्हती. तिने अर्जांमागून अर्ज केले, सुप्रसिद्ध वैमानिकांकडे जाऊन आपल्या मुलाची कैफियत मांडली. त्या काळी असा अर्ज करणे हेही धोक्याचे होते. ग्रिझोदुबोव्हा आणि ग्रोमोव्ह या नामवंत वैमानिकांनी आपले वजन खर्च केले आणि प्रकरण पुन्हा चौकशीस आले. शिक्षा रद्द झाली नाही. दहाऐवजी आठ वर्षे, एवढीच काय ती सवलत! मात्र त्यांना खाणीतून हलविण्यात आले. त्यांचे गुरू तुपोलेव्ह हेही तेव्हा कैदेतच होते आणि कैदी शास्त्रज्ञांच्या एका कार्यालयात विमानांचे आराखडे काढीत होते. त्यांनी आपल्या या शिष्यास तेथे मागून घेतले. खिडकीला गज, दारात पहारेकरी आणि मेजावर युद्धासाठी लागणाऱ्या विमानांचे नकाशे, अशा स्थितीत कोरोलेव्ह यांनी आणखी चार वर्षे काढली. १९४४ साली त्यांची सुटका झाली. ते निर्दोष होते हे न्यायालयाने जाहीर केले ते मात्र १९५७ च्या एप्रिल महिन्यात, स्पुटनिक उडण्यापूर्वी अवघे काही महिने.

ज्या राज्याने आपल्याला विनाअपराध खाणीत लोटले, त्याच राज्यासाठी हा मनुष्य पुढे एकवीस वर्षे रात्रीचा दिवस करून राबला. त्याच्या मनात काय चालत असेल हे सांगणे अवघड आहे. एवढे खरे की, त्याला जे घडवायचे होते ते घडविण्याचे साधन दुसऱ्या कोणाजवळ नव्हते.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा जर्मनीने बनविलेला ‘व्ही-२’ हा अग्निबाण जगात सर्वांत मोठा होता. तो सुमारे तीनशे किलोमीटरवर बाँब टाकू शके आणि छळछावण्यांतील कैद्यांकडून तो तयार करवून घेतला जात असे. कोरोलेव्ह यांना १९४५ साली जर्मनीत पाठविण्यात आले. तेथील अवशेष व आराखडे यांचा त्यांनी कसून अभ्यास केला. १९४६ मध्ये त्यांची मोठ्या अग्निबाणांचे मुख्य रचनाकार म्हणून नेमणूक झाली. मॉस्कोजवळील पोदलिप्की येथे त्यांची कार्यशाळा उभी राहिली आणि १९४८ च्या ऑक्टोबरात जर्मन अग्निबाणाची त्यांनी घडविलेली आवृत्ती यशस्वीपणे उडाली. त्यानंतरचा प्रत्येक अग्निबाण आधीच्याहून दूर जाऊ लागला.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सरकारला अवकाशप्रवासात गोडी नव्हती. त्याला हायड्रोजन बाँब आठ हजार किलोमीटर दूर नेऊन टाकणारे अस्त्र हवे होते. तो बाँब सुमारे पाच-साडेपाच टन वजनाचा असेल असे गृहीत धरण्यात आले. एवढे ओझे एवढ्या दूर नेणारा अग्निबाण त्यापूर्वी कोणी कल्पिलाही नव्हता. कोरोलेव्ह यांनी हे काम पत्करले. कारण जो अग्निबाण पाच टनांचा बाँब दुसऱ्या खंडावर नेऊ शकेल, तोच अग्निबाण उपग्रहालाही कक्षेत नेऊ शकेल, हे त्यांनी पुरते ओळखले होते. त्यांनी नेता मंडळींकडे उपग्रहाची परवानगी पुन्हा पुन्हा मागितली आणि ती अखेर मिळविली.

या अग्निबाणाचे नाव होते ‘आर-७’. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. पृथ्वीभोवती फिरत राहण्यासाठी एखाद्या वस्तूला सेकंदाला सुमारे आठ किलोमीटर वेग द्यावा लागतो. याहून कमी वेग दिला तर ती वस्तू फेकलेल्या दगडाप्रमाणे परत जमिनीवर येते. इतका वेग देण्यास अतोनात इंधन लागते. त्या इंधनाला टाक्या लागतात. टाक्यांचे वजन उचलण्यास आणखी इंधन लागते! घाट चढणारा हमाल रिकामी झालेली पोतीही पाठीवर वाहू लागला तर तो माथ्यावर कधी पोहोचणार? यावर उपाय एकच. टाकी रिकामी झाली की ती टाकून द्यावयाची. म्हणून मोठे अग्निबाण अनेक टप्प्यांचे असतात.

परंतु त्या काळी दुसऱ्या टप्प्याचे इंजिन हवेच्या पलीकडे गेल्यावर बिनचूक पेटेल की नाही, याची खात्री देता येत नव्हती. कोरोलेव्ह आणि त्यांचे सहकारी यांनी युक्ती योजिली. एकावर एक टप्पे रचण्याऐवजी त्यांनी मधोमध एक स्तंभ उभा केला आणि त्याला चहू बाजूंनी निमुळत्या आकाराचे चार अग्निबाण बांधले. पाचही इंजिने जमिनीवरच, डोळ्यांदेखत पेटवावयाची. दोन मिनिटांत बाजूचे चौघे आपले इंधन संपवून गळून पडतात आणि मधला स्तंभ हलका होऊन एकटाच पुढे जातो. आणखी एक अडचण होती. एकच मोठा ज्वलनकक्ष केला तर त्यात ज्वाला थरथरू लागे आणि इंजिन फुटे. म्हणून इंजिनांचे रचनाकार ग्लुश्को यांनी प्रत्येक इंजिनास एकाऐवजी चार लहान ज्वलनकक्ष दिले. असे वीस मोठे झोत, त्यांखेरीज दिशा सांभाळणारे बारा लहान झोत. एकूण बत्तीस ज्वाला एकाच वेळी! हे ग्लुश्को स्वतःही पूर्वी कैद भोगून आलेले होते.

इंधन कोणते म्हणाल, तर शुद्ध केलेले रॉकेल. आपल्या कंदिलातील रॉकेल हवेतील प्राणवायूवर जळते. अवकाशात हवा नाही. म्हणून अग्निबाणाला प्राणवायूही बरोबर न्यावा लागतो आणि जागा थोडी लागावी म्हणून तो शून्याखाली १८३ अंशांपर्यंत गार करून द्रवरूपात भरतात. उभ्या अग्निबाणाभोवती जे पांढरे ढग लोळताना चित्रांत दिसतात ते धुराचे नव्हेत. या प्राणवायूच्या गारठ्याने गोठलेल्या बाष्पाचे ते असतात.

प्रक्षेपणासाठी कझाकस्तानच्या माळावर त्युराताम या आडबाजूच्या रेल्वे-स्थानकाजवळ जागा निवडण्यात आली. ती शोधून काढणे शत्रूस कठीण जावे म्हणून तिला शेकडो किलोमीटर दूरच्या बैकानूर या गावाचे नाव देण्यात आले. माणसांचीच नव्हे, तर जागांचीही नावे तेथे लपविली जात! हिवाळ्यात हाडे गोठविणारी थंडी, उन्हाळ्यात भाजून काढणारे ऊन, अशा त्या प्रदेशात हजारो मजुरांनी व सैनिकांनी १९५५ पासून खपून एक अजस्र खड्डा खणला, त्यावर मंच बांधला. अग्निबाण आडवा ठेवून रेल्वेने तेथपर्यंत आणीत आणि मग तो उभा करीत. हा अग्निबाण बुडावर टेकत नसे. चार पोलादी बाहू त्याला कमरेशी धरून खड्ड्यावर अधांतरी तोलून ठेवीत. खालून लाकडी काठ्यांवर बसविलेल्या दारूच्या साहाय्याने सर्व झोत पेटविले जात. अग्निबाण वर सरकू लागला, की त्याचा भार निघून गेल्याने ते बाहू आपोआप मागे पडत. जणू एखाद्या फुलाच्या पाकळ्या उमलत आहेत.

पहिला आर-७ १५ मे १९५७ रोजी उडाला. बाजूच्या एका अग्निबाणास आग लागली आणि शंभर सेकंदांच्या आसपास सारा डोलारा कोसळला. जूनमध्ये दुसरा मंचावर उभा केला. तीन वेळा प्रयत्न केले, पण तो जागचा हलला नाही. शोधाअंती एक झडप उलटी बसविल्याचे आढळले. जुलैत तिसरा उडाला आणि अर्ध्या मिनिटात स्वतःभोवती गरगर फिरून त्याचे तुकडे झाले. मॉस्कोतील वरिष्ठांच्या कपाळाला आठ्या पडू लागल्या. एकदा खोट्या आरोपावरून खाण पाहून आलेल्या माणसाला या आठ्यांचा अर्थ निराळा सांगावयास नको होता. परंतु कोरोलेव्ह डगमगले नाहीत. २१ ऑगस्टचा अग्निबाण सबंध देश ओलांडून अतिपूर्वेच्या कामचाटका द्वीपकल्पापर्यंत पोहोचला.

तेव्हा उपग्रह तयार होता का? मोठा, नाना उपकरणांनी भरलेला उपग्रह रेंगाळला होता. अमेरिका आपल्या आधी बाजी मारील ही धास्ती होती. म्हणून कोरोलेव्ह यांनी अगदी साधा उपग्रह करण्याचे ठरविले. ५८ सेंटिमीटर व्यासाचा, ८३.६ किलोग्रॅम वजनाचा गोळा. आत विद्युत्-घट, दोन प्रेषक यंत्रे, उष्णता खेळती ठेवण्यास एक पंखा. बाहेर मिशांसारख्या चार लांब तारा. गोळा आरशासारखा घासूनपुसून चकचकीत झालाच पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष होता. हा गोळा वाहून नेणाऱ्या अग्निबाणाचे वजन इंधनासह सुमारे २६७ टन होते आणि त्या वजनातील दहापैकी जवळजवळ नऊ भाग इंधन व प्राणवायू यांचेच होते.

त्या रात्री अग्निबाण दिसेनासा झाला, सुमारे पाच मिनिटांनी उपग्रह सुटा झाला, त्याचे स्वर आले आणि क्षितिजापलीकडे जाऊन विरले. मंडळी आनंदाने ओरडू लागली. पण कोरोलेव्ह यांनी वरिष्ठांस वार्ता कळविण्याची घाई केली नाही. गोळा पृथ्वीची एक फेरी पुरी करून पलीकडून परत येईल तेव्हाच तो कक्षेत आहे असे म्हणता येईल. सुमारे दीड तास सर्वजण यंत्राला कान लावून बसले. मग तो बारीक स्वर पुन्हा उमटला. तीन आठवडे तो उमटत राहिला आणि तीन महिन्यांनी, १९५८ च्या जानेवारीत, तो गोळा वातावरणात जळून गेला.

यानंतर आर-७ च्या माथ्यावर एकाहून एक जड ओझी चढू लागली. महिन्याभरातच ५०८ किलोग्रॅमच्या दुसऱ्या उपग्रहातून लायका नावाची कुत्री पाठविण्यात आली. तिला परत आणण्याची कोणतीही सोय त्या उपग्रहात नव्हती. ती काही दिवस सुखरूप होती असे जगाला सांगण्यात आले. वास्तविक अतिउष्णतेने ती काही तासांतच मरण पावली, हे सत्य २००२ साली बाहेर आले. वाट्याला आलेले यश मोठे होते, तरी त्या मुक्या प्राण्याचा बळी विसरता येत नाही. पुढे अग्निबाणाला अवकाशात पेटणारा आणखी एक टप्पा जोडण्यात आला. त्याच्या बळावर १९५९ साली एक यान चंद्रावर जाऊन आदळले आणि दुसऱ्याने चंद्राची आपल्याला कधीच न दिसणारी बाजू टिपून तिची छायाचित्रे पृथ्वीवर धाडली. १९६० च्या ऑगस्टात बेल्का आणि स्ट्रेल्का या दोन कुत्र्या अवकाशात जाऊन जिवंत परत आल्या.

आता पाळी माणसाची होती. ‘व्होस्टोक’ नावाचे हे यान सुमारे पावणेपाच टनांचे होते. माणूस बसावयाचा तो सव्वादोन मीटरांहून किंचित मोठ्या व्यासाच्या एका गोल कोठीत. गोळा कसाही वळला तरी तो सारखाच पडतो, म्हणून हा आकार. परतीचे इंजिन न पेटले तर यान हवेच्या घर्षणाने हळूहळू आपोआप खाली येईल, या हिशेबाने आत दहा दिवसांची शिदोरी व हवा ठेवलेली होती. परंतु १९६० च्या डिसेंबरात दोन कुत्र्यांसह एक यान परतताना नष्ट झाले. त्याच महिन्यात कोरोलेव्ह यांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. त्यांनी ती घेतली नाही. मार्च १९६१ मधील दोन चाचण्या निर्विघ्न पार पडल्यावरच त्यांनी माणूस पाठविण्यास संमती दिली.

१२ एप्रिल १९६१ रोजी सकाळी सत्तावीस वर्षांचे युरी गागारीन त्या कोठीत जाऊन बसले. ते एका खेड्यातील सुताराचे चिरंजीव. त्यांच्याशी नभोवाणीवरून बोलण्याचे काम कोरोलेव्ह यांनी स्वतःकडे घेतले होते. तेथेही खरे नाव नव्हतेच. त्यांच्या केंद्राची सांकेतिक संज्ञा होती ‘झार्या’, म्हणजे पहाट. ज्याला ते मुलाप्रमाणे मानीत तो तरुण पेटत्या रॉकेलाच्या स्तंभावर बसून वर चालला होता आणि आता त्यांच्या हाती काहीच उरले नव्हते. १०८ मिनिटांत पृथ्वीची प्रदक्षिणा झाली. परतताना यानाचा मागील भाग वेळेवर सुटला नाही आणि कोठी भोवऱ्यासारखी फिरू लागली; अखेर तो भाग सुटला. सुमारे सात किलोमीटर उंचीवर गागारीन कोठीबाहेर फेकले गेले व हवाई छत्रीने व्होल्गा नदीच्या परिसरातील एका शेतात उतरले.

सारे जग गागारीनना पाहण्यास लोटले. त्याच वर्षाच्या अखेरीस ते भारतातही आले होते आणि मुंबईकरांनीही त्यांचे स्वागत केले. कोरोलेव्ह मात्र कोठेच गेले नाहीत. मॉस्कोतील मिरवणुकीतही जनतेला त्यांची ओळख कोणी करून दिली नाही. कधी ‘प्रावदा’ या वृत्तपत्रात त्यांचा लेख छापून येई. तो ‘प्राध्यापक के. सर्गेयेव्ह’ या टोपणनावाने. आपले नाव व आडनाव उलटसुलट करून केलेली ही सही, एवढाच त्यांचा प्रकट सहवास. शत्रूने घातपात करू नये म्हणून ही गुप्तता, असे सरकार म्हणे. एका माणसाचे श्रेय साऱ्या व्यवस्थेच्या पदरात पडावे, हाही हेतू त्यात असावा असे मला वाटते.

पुढे १९६३ साली व्हॅलेंतिना तेरेश्कोव्हा ही पहिली स्त्री अवकाशात गेली. १९६५ च्या मार्चमध्ये लिओनोव्ह यानाबाहेर पडून सुमारे बारा मिनिटे पोकळीत तरंगले. माणसाला चंद्रावर नेण्यासाठी कोरोलेव्ह यांनी शंभर मीटरांहून उंच असा ‘एन-१’ हा अग्निबाण हाती घेतला होता. परंतु पैसा अपुरा होता, ग्लुश्को यांच्याशी इंधनाच्या प्रश्नावरून तीव्र मतभेद झाले होते आणि प्रकृती साथ देत नव्हती. १४ जानेवारी १९६६ रोजी मॉस्को येथे शस्त्रक्रिया चालू असता त्यांचे निधन झाले. दोनच दिवसांपूर्वी त्यांना एकोणसाठ वर्षे पुरी झाली होती. एन-१ चे पुढे चार प्रयत्न झाले आणि चारही फसले. चंद्रावर पहिले पाऊल १९६९ साली अमेरिकन माणसाचे पडले.

१६ जानेवारी १९६६ च्या ‘प्रावदा’मध्ये एका भारदस्त पुरुषाचे छायाचित्र आणि मृत्युलेख प्रसिद्ध झाला. स्पुटनिक कोणी उडविला, गागारीनना कोणी धाडले, हे जनतेने त्या दिवशी प्रथम वाचले. त्यांच्या अस्थी मॉस्कोतील क्रेमलिनच्या भिंतीत ठेवण्यात आल्या. ज्या गावी त्यांची कार्यशाळा होती त्याचे नाव १९९६ साली ‘कोरोलेव्ह’ असे ठेवण्यात आले.

आणि आर-७? अस्त्र म्हणून तो फारसा उपयोगी ठरलाच नाही. त्यात इंधन भरावयास कित्येक तास लागत आणि भरलेला प्राणवायू उडून जाई. एवढा वेळ कोणते युद्ध थांबणार? सैन्याने काही वर्षांतच तो बाजूला सारला. परंतु ओझी वाहणारा म्हणून त्याचा वंश वाढतच गेला. मधला स्तंभ, भोवती चार निमुळते साथी, वीस झोत, ही ठेवण कायम राहिली आणि तिच्या निरनिराळ्या आवृत्त्यांनी दीड हजारांहून अधिक उड्डाणे केली. ३ एप्रिल १९८४ रोजी अशाच एका अग्निबाणाने बैकानूरहून आपल्या राकेश शर्मा यांना अवकाशात नेले. चार वर्षांनी, १७ मार्च १९८८ रोजी, त्याच कुळातील दुसऱ्या एका अग्निबाणाच्या माथ्यावर भारतीय शास्त्रज्ञांनी बनविलेला ‘आयआरएस-१ए’ हा उपग्रह होता. भारतातील पिके, जंगले आणि जलाशय यांची पाहणी करणारी छायाचित्रे घेण्यासाठी तो वर चालला होता.